थेंब काय म्हणते?

कापगते सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या टकलावर पाण्याचा थेंब टाकला.

मी सांगलीकडचा. गोंदियाकडच्या सडक अर्जुनी तालुक्यातल्या या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झालो, तो माझा पहिलाच दिवस. स्टाफरूममध्ये एक उंच, काटकुळे गृहस्थ माझ्यासमोर आले, माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वाकसान का जरा?"

मला वाटलं, इकडे नव्या माणसाला गंधबिंध लावायची पद्धत असेल. मी वाकलो. त्यांनी शर्टाच्या खिशातून एक काचेचा ड्रॉपर काढला आणि टाळूवर गार थेंब सोडला. मग स्वतः गुडघे वाकवून, एक डोळा मिटून त्यांनी त्या थेंबाचं आडवं निरीक्षण केलं.

"बसला," ते म्हणाले.

"काय बसला?"

"थेंब. गोल बसला, पसरला नाई. खोबरेल लावता का?"

"हो."

"वाटलंच. पान्याचं अन् तुमचं जमनार नाई."

मी रुमाल काढला, तर म्हणाले, "काऊन पुसून राहिले? आपल्या मनानं घरंगळू द्या." थेंब आपल्या मनानं घरंगळून माझ्या कॉलरमध्ये गेला. बाकीचे प्राध्यापक चहा पीत होते, कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. त्या सगळ्यांवर थेंब टाकून झाले होते, हे मला नंतर कळलं.

डॉ. हिवराज कापगते आमच्याकडे रसायनशास्त्र शिकवतात. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला ड्रॉपर. दिसेल त्या पृष्ठभागावर थेंब टाकायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच, 'बसला' किंवा 'पसरला'. प्राचार्यांच्या टेबलाची काच, हायवेवर कोहमाऱ्याच्या ढाब्यातलं बाकडं, इंग्रजीच्या मॅडमची नवी पर्स, एसटीचं सीट, एका लग्नात तर खुद्द नवरदेवाचा चकाकता कोट, सगळ्यांचा निकाल लागलेला आहे. नवरदेवाच्या मामानं गोंदियाच्या हिंदीत विचारलं, "ये क्या कर रहे हो, सर?" सर शांतपणे म्हणाले, "बसला. कोट बदलू नका, जेवनात वरन सांडलं तरी चालते."

माणसांच्या बाबतीतही त्यांची मोजपट्टी हीच. एखादा प्राध्यापक कोणात मिसळत नसेल, तर "तो बसलेला थेंब हाय." एखादी नवी सून आठवडाभरात घरची झाली, तर "पसरली." आणि कोणी त्यांच्याशी वाद घालायला लागला, की त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "थेंब खोटं बोलत नाई. मानूस बोलते."

हे वेड कशासाठी, हे मला दोन वर्षं कळलं नाही. मी त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या अंगणात गुरांचा जुना कोठा आहे. गुरं गेली, गव्हाण राहिली. त्या गव्हाणीवर सरांनी फळी टाकून प्रयोगशाळा मांडली आहे. तिथे काचेची भांडी, बॅटऱ्या, तारा आणि गोंदियाच्या एका दात बनवणाऱ्याकडून आणलेली जुनी भट्टी. दारावर सरांच्या सुवाच्य अक्षरात पाटी लावलेली: 'येथील वस्तूंना हात लावू नये. हाताला तेल असते.' आणि आत काचेच्या बाटल्यांमध्ये, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या रुपयाएवढ्या करड्या चकत्या.

"टायटॅनियम," सर म्हणाले. "हाड मोडलं, दात गेला, तं हेच टाकतेत शरीरात. गंजत नाई, वजनाले हलकं. पन एक भानगड हाय. शरीराले आतलं टायटॅनियम कुठी दिसते? त्याले दिसते वरचा पापुद्रा. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा. त्या पापुद्र्याशी जमलं तं जमलं."

मी ग्रंथपाल माणूस. माझा चेहरा बघून त्यांनी विज्ञान सोडलं आणि धानावर आले.

"कोशिका, म्हंजे शरीरातली पेशी, पऱ्हा समजा. धानाचं रोप. आता तुमी सिमेंटच्या अंगनात रोवना करसान, तं धान येईल का?"

"नाही."

"काऊन नाई?"

"चिखल नाही."

"हां! मंग मी काय करून राहिलो? टायटॅनियमवर चिखलनी करून राहिलो."

ही चिखलणी म्हणजे चकती आम्लाच्या पाण्यात धरायची आणि तिच्यातून वीज सोडायची. वर एक नवा पापुद्रा धरतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भोकांचा. मग ती भट्टीत भाजायची. जमली असेल तर तिच्यावर टाकलेला थेंब क्षणात सपाट होतो. पाणी जिथे पसरतं, तिथे कोशिका पाय रोवायची शक्यता जास्त. आणि नुसती उघडी ठेवली तर हवेतलं तेलकट काहीबाही बसून चार-आठ दिवसांत ती बिघडते, म्हणून मिठाचं पाणी. एवढं मला समजलं. त्याहून जास्त समजावून घ्यायला गेलो की माझ्या डोक्यावर थेंब बसायचा.

"आता खरी पंचाईत आयका," सर म्हणाले. "कोशिका यायच्या आंधी तिथी पोचते रक्त. रक्तानं तिथी साकळून गाठी नाई कराव, पन कोशिकेनं मुक्काम कराव. एकाले जा म्हनाचं, एकाले बस म्हनाचं. दार एकच."

"मग कसं जमायचं?"

"जमते. आमच्या पनजोबाले जमलं."

सरांचं घराणं कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. त्यांचे पणजोबा म्हणे तलावाची जागा ठरवायला गेले की लोटाभर पाणी जमिनीवर ओतायचे आणि उपडे पडून, गाल मातीला टेकवून, ते कुठे जातं ते पाहायचे. लोक हसायचे. "तलाव कायले म्हनतेत? ठेवाचं तेवढं ठेवते, सोडाचं तेवढं सोडते. नुसती पाळ बांधली अन् सांडवा नाई काढला, तं पयल्या पुरात तलाव गेला समजा. मले टायटॅनियमवर पाळबी पायजे अन् सांडवाबी." गाल मातीला टेकवणारे पणजोबा आणि माझ्या टकलासमोर गुडघे वाकवणारे सर यांच्यातलं नातं मला तेव्हा एकदम दिसलं. त्या दिवसापासून मी वाकताना कुरकुर केली नाही.

कोठ्यातल्या चकत्यांचे रंग पाहायला गावातल्या बायका यायच्या. वीज कमीजास्त केली की चकतीवर कधी सोनेरी, कधी जांभळा, कधी मोरपंखी निळा रंग चढतो. एकीनं जोडवी त्या निळ्यात करून मागितली. सर हबकलेच. "बाई, तो रंग नोहे. तो पापुद्र्याची जाडी हाय." ती म्हणाली, "मंग जाडीच चढवा, पन निळी."

या सगळ्या कारभारात यशोदावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, कुठे असायच्या? स्वयंपाकघरात, अंगणात, परसात. बोलणं मोजकं. एका पायानं थोडं लंगडत चालायच्या. मला वाटायचं, संधिवात असेल. प्रयोगशाळेला त्या कोठाच म्हणायच्या आणि त्या पाटीचा मान राखून उंबऱ्यापलीकडे पाय टाकायच्या नाहीत. माझ्या शेजाराच्या आठ वर्षांत त्यांनी एकदाही सरांना थेंबाबद्दल काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. सर जेवताना थेंबाच्या गोष्टी सांगायचे, वहिनी भात वाढायच्या.

मागच्या दिवाळीत मात्र सरांचे दिवस फिरले. नागपूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं त्यांच्या चकत्या तपासायचं कबूल केलं. खरं रक्त आणि जिवंत कोशिका घालून परीक्षा. सर दोन वर्षं त्यासाठी पत्रं लिहीत होते. दिवाळीनंतरचा एक सोमवार ठरला. बारा चकत्या घेऊन हजर राहायचं, तो दिवस चुकला तर पुन्हा रांगेत. आणि पुढच्या उन्हाळ्यात तर सर निवृत्त होणार होते. निवृत्त माणसाला कोणती प्रयोगशाळा दारात उभं करते?

सहा महिन्यांतल्या शे-सव्वाशे चकत्यांतून सरांनी बारा निवडल्या. वीज जराशी हलली तरी पापुद्रा फसतो आणि आमच्याकडची वीज तर कायम हलतच असते. त्या बारा जणींना बारा बाटल्या. सर रोज सकाळी देवाच्या आधी त्यांना पाहून यायचे.

त्या सोमवारच्या नेमक्या आदल्या शनिवारी-रविवारी गावची मंडई आली. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, दंडारीचा खेळ होतो आणि गावातल्या लेकी-जावयांनी घरं भरून जातात. घर भरायचं म्हणजे आधी ते घासून काढायचं. यशोदावहिनी आठवडाभर घासत होत्या. पितळी गुंड, परात, समया, सगळं चिंच आणि राखेनं लख्ख. शुक्रवारी घरात घासायचं काही उरलं नाही.

त्या दुपारी सर आणि मी कॉलेजातून एका गाडीवरून परत आलो. अंगणात खाटेवर सूप ठेवलं होतं. सुपात काहीतरी इतकं चमकत होतं की मी डोळ्यांवर हात धरला.

"पाहा तुमच्या चकत्या," वहिनी पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. "कशा कळकटल्या होत्या! अन् बाटल्यांतलं पानी तं केवढं शिळं. नागपूरले असं न्याचं का? मोठी मोठी मानसं पाहातीन."

सर गाडीजवळच उभे राहिले. मी बावळटासारखं विचारलं, "वहिनी, पाटी नाही वाचली?"

"वाचली ना, भाऊ. हात कुठी लावला? नारळाच्या शेंडीनं घासल्या अन् चिमट्यानं उचलल्या."

बाराच्या बारा. सहा महिन्यांची चिखलणी राखेनं साफ करून वहिनींनी शेताचं पुन्हा सिमेंटचं अंगण केलं होतं. आता काय होणार, या विचारानं मी एक पाऊल मागे सरलो. सर रागावले की वर्गातली मुलंच काय, प्राचार्यही व्हरांड्यात निघून जातात.

सर सुपाजवळ गेले. ड्रॉपर काढला. पहिल्या चकतीवर थेंब टाकला, गुडघे वाकवले, एक डोळा मिटला. मीही त्यांच्यामागे वाकलो. थेंब टम्म गोल बसला होता, अगदी माझ्या टकलावर बसतो तसा. दुसरीवर टाकला. तिच्यावरही तेच. सर एकेक करत बाराव्या चकतीपर्यंत गेले.

आणि मग वहिनींनी विचारलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"काय म्हनते थेंब?"

सर उठून उभे राहिले. त्यांनी ड्रॉपर खिशाला लावला.

"पसरला," ते म्हणाले. "लय मस्त पसरला."

वहिनी हसल्या, "चहा ठेवते" म्हणाल्या आणि लंगडत आत गेल्या. सरांनी सूप उचललं आणि कोठ्यात गेले. मी त्यांच्यामागून गेलो. ते गव्हाणीच्या कडेवर बसले होते.

"सर, थेंब तर..."

"मालूम हाय मले."

"मग?"

सरांनी सूप मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "माने, नळाजवळचा दगड पाह्यला का तुमी? राखेनं भरला होता. अन् बसाचा पाट भिंतीले टेकलेला होता. कोरडा. म्हंजे ती उकिडवी बसून घासत होती."

मला काही कळेना.

"चौदा वर्स झाले. रोवन्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरली, मांडीचं हाड गेलं. टायटॅनियमची सळी टाकली. हाडानं तिले धरलंच नाई. सळी ढिली झाली, पुन्हा कापलं, दुसरी टाकली. वरसभर खाटेवर होती. डॉक्टर म्हने, कोनाची चूक नाई, कधीकधी शरीर घेत नाई. मी म्हनलं, काऊन घेत नाई? तं म्हने, आता हे कसं सांगाव?" सरांनी एक चकती बोटांत फिरवली. हाताला तेल असतं, हे ते पहिल्यांदाच विसरले होते. "मले तवापासून तेवढंच पायजे होतं, माने. काऊन घेत नाई."

सरांनी चाळिशी उलटल्यावर पीएच.डी. का केली, यावर स्टाफरूममध्ये आम्ही पुष्कळ विनोद केले होते. बढतीसाठी, नावामागे डॉक्टर लावायला, असं काहीबाही. त्यातले दोन-चार विनोद माझे होते. मला स्वतःची लाज वाटली.

"त्या पायानं ती उकिडवी बसत नाई. आज दोन घंटे बसली," सर म्हणाले. "माह्या चकत्यांसाठी. आता पाय ठनकेल अन् सांगनार नाई. तिले मी काय सांगू, थेंब बसला म्हनून?"

मी विचारलं, "आणि सोमवार?"

"दोन दिवस हायेत," सर म्हणाले. पण ते वर लटकणाऱ्या दिव्याकडे बघत होते. मंडईचे कर्णे आणि रोषणाई जोडायला सुरुवात झाली होती आणि दिवा मंद होऊन पुन्हा उजळत होता. या विजेवर पापुद्रा धरणं शक्य नव्हतं.

शनिवारी सकाळी मी गेलो तेव्हा अंगणात दोन ट्रॅक्टर उभे होते आणि त्यांच्या बॅटऱ्या जागेवर नव्हत्या. गावात वीज हलते, बॅटरी हलत नाही. सरांनी पहाटेच शेजारच्या दोघांच्या मागे लागून त्या काढून आणल्या होत्या आणि एकीला एक जोडल्या होत्या. बाहेर लेक-जावई मंडईला निघायची गडबड, कर्ण्यावर दंडारीचा ढोल, आणि कोठ्यात सर चकत्या धूत होते.

त्यांच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत, खुर्चीवर यशोदावहिनी बसल्या होत्या. हातात स्वच्छ उकळलेला चिमटा. सर "उचल" म्हणाले की त्या चकती उचलून आम्लाच्या पाण्यात धरायच्या. हात इतका स्थिर, की सरांचा मी कधी तेवढा पाहिला नव्हता.

सर भट्टीकडे वळले तेव्हा मी हळूच विचारलं, "वहिनी, तुम्ही इथे कशा?"

"कशा म्हंजे?" वहिनी तितक्याच हळू म्हणाल्या. "भाऊ, एवढे वर्स ह्या घरात राहून राहिली मी. बसलेला थेंब मले दिसत नाई का?"

"म्हणजे काल तुम्हाला कळलं होतं?"

"पयल्याच चकतीले. पन ते एवढं मनापासून खोटं बोलून राहिले होते, तं म्हनलं, बोलू द्या. चहा ठेवाले गेली अन् तिथी रडून घेतलं जरासं." मग त्यांनी चिमट्याची टोकं तपासली. "सकाळी म्हनलं त्याईले, सरका थोडे. मले काम सांगा."

दोन दिवस चिखलणी चालली. मंडई आली आणि गेली. लेक दोनदा बोलवायला आली आणि दोनदा आईचं कोठ्यातलं ध्यान बघून हसत परत गेली. मला बाटल्या उकळायचं आणि मिठाचं पाणी मोजायचं काम होतं. दोन चकत्या फसल्या, त्या पुन्हा घासून पुन्हा धरल्या. घासायचं काम अर्थात वहिनींचं, या वेळी खुर्चीवर बसून. रविवारी संध्याकाळी भट्टी थंड झाली आणि सरांनी ड्रॉपर काढला.

थेंब पडला. सर वाकले नाहीत. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"काय म्हनते?" सरांनी विचारलं.

वहिनींनी खुर्चीवरूनच मान वाकडी करून, एक डोळा मिटून पाहिलं. "पसरला."

मी वाकून बघितलं. या घरात आता कोणाच्याही शब्दावर विसंबायची सोय राहिली नव्हती. थेंब खरंच पसरला होता. चकती नुसती ओली दिसत होती, थेंब असा कुठे नव्हताच. अकराही चकत्यांवर तेच झालं.

"अकराच?" मी विचारलं. "बारा हव्यात ना?"

"बारावी राहू दिली," सर म्हणाले. "तुलनेले एक घासलेली लागतेच." प्रयोगातलं मला कळत नाही, म्हणून मी बाटल्यांना बुचं लावायला लागलो.

सोमवारी सकाळी मी त्यांना गाडीवरून कोहमाऱ्याला सोडायला गेलो. नागपूरची बस यायला अवकाश होता. ढाब्यावर चहा घेतला. सरांच्या मांडीवर बाटल्यांचा डबा होता. त्यांनी तो उघडून मला दाखवला. अकरा बाटल्यांत अकरा चकत्या, आणि बाजूच्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेल्या, 'तुलनेसाठी' असं लिहिलेल्या तीन साध्या चकत्या.

समोरच्या बाकड्यावर नवीन सनमायका बसवला होता. सरांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. ड्रॉपर निघाला आणि त्याच्याबरोबर खिशातून काहीतरी टेबलावर पडून टणटण वाजलं. बारावी चकती. राखेनं घासलेली, इतकी लख्ख की तिच्यात मला माझं टक्कल दिसलं.

सरांनी ती झटकन उचलून खिशात टाकली.

"तुलनेले," ते मी न विचारताच म्हणाले.

"तुलनेच्या तीन तर डब्यात आहेत ना, सर?"

कापगते सर उठून उभे राहिले, डबा छातीशी धरला आणि रस्त्याकडे बघायला लागले.

"बस आली," ते म्हणाले.

रस्त्यावर लांबपर्यंत बस नव्हती.